नानांचं मशीन आणि आमचा कूलर

नानांना आवाज येतो, शब्द कळत नाहीत. उभं आयुष्य धरणगावच्या कापसाच्या जिनिंग गिरणीत गेलं. वय आणि यंत्रांचा गोंगाट, दोन्ही आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज खातात. स, श, फ जातात, आ-ओ उरतात. मग ‘साखर’ म्हटलं की ताटात भाकर पुढे सरकते. घरातले ओरडतात. ओरडल्यानं स्वर तेवढे मोठे होतात, ‘स’ होता तिथेच राहतो, आणि नाना भडकतात, “काय बोंबलस रे!” समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललं तर बरंच भागतं.

कानाच्या मशीनची सवय व्हायला मेंदूला काही आठवडे लागतात, असं ऐकणं तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टबाईंनी सांगितलं होतं. पण मे महिन्यातल्या कूलरचं काय? मशीन त्याची घरघरही मोठी करून ऐकवतं! आता जेवताना कूलर बंद, घाम पुसत गप्पा.

बटणासारख्या बॅटरीचं स्टिकर काढलं की मिनिटभर तशीच ठेवायची. तिला हवेतला ऑक्सिजन लागतो. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत, घामाचा ओलावा निघतो.

गोळ्यांची वेळ झाली की मात्र नाना मशीन गुपचूप काढून ठेवतात.