सेल्फ फिरतोय पण ट्रॅक्टर चालू होईना, माझा अनुभव

आमचं रान मंगळवेढ्याच्या काळ्या पट्ट्यात, आणि इकडं रब्बी ज्वारीची पेरणी म्हणजे सगळा वाफशावर, म्हणजे जमिनीतल्या नेमक्या ओलीवर, खेळ. चिखलात कुळव चालत नाही आणि जमीन वरून वाळली की बी उगवत नाही, मधले थोडे दिवस हातात असतात. नेमकं तेव्हाच आमचा १९९६ चा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर अडून बसला. पावसाळ्यात बरेच दिवस शेडमध्ये उभा होता, सेल्फ मारला की इंजिन मस्त फिरायचं पण पकडायचंच नाही.

असं झालं की आजूबाजूला चार माणसं जमतातच. तात्या म्हणले बॅटरी उतरलीय, शेजारचा म्हणला दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून चालू करू, एकानं तर स्टार्टिंगचा स्प्रे मारा म्हणून सांगितलं. मिस्त्रींना फोन केला तर त्यांनी न बघताच सांगून टाकलं, डिझेल पंप गेलाय, काढून लॅबला, म्हणजे पंप दुरुस्तीच्या दुकानात, टाका. आता पंप काढायचा म्हणजे टायमिंगच्या, म्हणजे डिझेल फवारायच्या वेळेच्या, खुणा जुळवण्यापासून सगळं आलं, लॅबमध्ये नंबर लागायचा तो वेगळाच, तोवर वाफसा कुठला थांबतोय. म्हणलं आधी आपण बघू.

बॅटरीचं पहिलं बघितलं कारण ते सोपं. मीटर लावला, सेल्फ मारताना व्होल्टेज दहाच्या वर टिकत होतं आणि इंजिन पण जोरात फिरत होतं, म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही बरे. डिझेल इंजिनला स्पार्क नसतो, हवा दाबून जी गरम होते त्यावरच डिझेल पेटतं, त्यामुळं फिरायचा वेग कमी असला तर बाकी सगळं चांगलं असून उपयोग नाही. आणि सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारायचा नाही, मधे मिनिटभर तरी थांबायचं, नाहीतर आर्मेचर जळतंय आणि एकाचे दोन खर्च होतात.

मग धूर. माझ्या मते सगळ्यात कामाची तपासणी हीच आणि तिला एक रुपया लागत नाही. एकाला सेल्फ मारायला बसवायचं, रेस पूर्ण ओढून ठेवायची आणि आपण सायलेन्सरकडं बघायचं. पांढरा धूर आला तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, मग कंप्रेशन (हवेचा दाब), नोझल (डिझेल फवारणारा भाग), टायमिंग अशा बाजूला जायचं. धूरच नाही आला तर डिझेल आतच पोचत नाही. आमच्याकडं अजिबात धूर नव्हता. म्हणजे ओढून काय होणार, डिझेलच नाही तर शंभर ट्रॅक्टरनी ओढलं तरी चालू होणार नाही. स्प्रेला मी सरळ नाहीच म्हणलं, त्यानं जुन्या इंजिनचे रिंग-पिस्टन फुटलेले बघितलेत.

धूर नाही म्हणल्यावर इंजिन बंद करायची, डिझेल तोडणारी नॉब बघितली. ती आत दाबली तरी पंपावरचा लिव्हर कधी कधी अर्ध्यातच अडकतो, तार गंजते, उभ्या ट्रॅक्टरला हे हमखास होतं. आमचा लिव्हर पूर्ण मागं येत होता, ते ठीक. फिल्टरखालच्या वाटीत थोडं पाणी निघालं, पावसाळ्यात निघणारच. वाटी धुतली, दोन्ही फिल्टर नवीन टाकले, तसे ते बदलायलाच आलेले.

आता एअर काढायची, म्हणजे डिझेलच्या लाइनीत अडकलेली हवा. पहिल्या फिल्टरचा स्क्रू ढिला करून हँडपंप मारायचा, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल, डिझेल येत असतानाच स्क्रू आवळायचा. तसंच दुसरा फिल्टर, मग पंपाचा स्क्रू, आणि शेवटी नोझलच्या पाइपांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा. तिन्ही पाइपांतून डिझेल उडालं की नट आवळायचे. इथं एक काळजी घ्या, त्या नटाजवळ बोट नेऊ नका, तिथला दाब एवढा असतो की बारीक धार कातडी फोडून आत जाते, आणि तशी जखम वरून टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठायला लागतो.

एवढं केल्यावर चालू झाला. सगळे खूश. बंद केला, जेवून आलो, परत तेच, सेल्फ फिरतोय आणि धूर नाही. परत एअर काढली की चालू. म्हणजे पंप डिझेल ढकलतोय हे पक्कं झालं, कुठूनतरी हवा घुसतीय.

हवा शोधायला बाहेर गळती दिसलीच पाहिजे असं नाही, ओढणाऱ्या बाजूला भोक असेल तर डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवाच आत जाते. म्हणून एक पाच लिटरचा स्वच्छ कॅन घेतला, हूडच्या पाइपला उंच बांधला आणि नवीन पारदर्शक नळीनं सरळ फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, जोडला. टाकी, कॉक, जुनी नळी सगळं बाजूला. एअर काढून चालू केला, बराच वेळ चालवला, बंद करून परत मारला, पहिल्या सेल्फला चालू. झालं, फीड पंपाच्या पुढचं सगळं चांगलं, खोट टाकी ते फीड पंप या हातभर अंतरात. ज्या पंपाला लॅबला पाठवायचं चाललं होतं तो बिचारा ठणठणीत होता.

जुनी रबरी नळी काढली तर क्लिपच्या बरोबर खाली चिरलेली. क्लिप असल्यामुळं वरून काही दिसत नव्हतं, फक्त तिथली धूळ जराशी ओली होती. नळी, क्लिपा आणि तांब्याची वायसरं नवीन टाकली, सगळं मिळून तीनशेच्या आत. जुनं वायसर परत वापरायचं नाही, एकदा दबलं की ते नीट बसत नाही.

वाटलं संपलं. कुळव जोडला, रानात गेलो, आणि अर्ध्या तासात इंजिन दम सोडत सोडत बंद. तात्या लगेच, मी म्हणलं नव्हतं का. मी टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत गेली. झाकणाखाली कुणीतरी ट्यूब कापून गोल रबर बसवलेलं, डिझेल हिंदकळून बाहेर येऊ नये म्हणून असणार, ट्रॅक्टर आमच्याकडं येताना झाकण तसंच आलेलं. त्या रबरानं झाकणाचं हवेचं भोक बंद, डिझेल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होणार, डिझेल खाली यायचं थांबणार, आणि तीच ओढ चिरलेल्या नळीतून हवा पण आत घेत होती. दोन्ही मिळून हा घोळ.

रबर काढून फेकलं, भोक तारेनं मोकळं केलं. त्यानंतर अंधार पडेस्तोवर कुळवत होतो, एकदा पण बंद पडला नाही, आणि सकाळी पेरणीयंत्र जोडलं. लोडवर चढाला थोडा काळा धूर टाकतोय अजून, तेव्हा दिवाळीनंतर नोझल काढून तपासून घ्यायचेत, त्याचं काय निघेल ते तेव्हा बघू.