नव्वद हजारांचं घड्याळ आणि यवतेश्वरचा घाट

साताऱ्यात पळायला शिकवणाऱ्या माणसाला पावसाळा संपला की बुटांपेक्षा घड्याळांचे प्रश्न जास्त येतात. हिल हाफ मॅरेथॉन होऊन गेलेली असते, घरात मेडल टांगलेलं असतं, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नावं नोंदवून झालेली असतात. मग कुणीतरी मोबाईल पुढे धरतं, "सर, हे घेऊ का?" बहुतेकांना मी दोन वाक्यांत वाटेला लावतो. दादांचं प्रकरण तसं नव्हतं.

दादांचं कृषी सेवा केंद्र आहे, वय 49. हातात साधं जीपीएसवालं घड्याळ. आणि ते घड्याळ त्यांना थंडी पडल्यापासून घाबरवत होतं, कारण रमतगमत पळतानाही ठोके 170 च्या वर दाखवायचं. मी आधी त्यांचं पळणं बंद केलं आणि डॉक्टरांकडे धाडलं. ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिल टेस्ट, सगळं झालं, सगळं नॉर्मल. हृदयाच्या डॉक्टरांनी "खुशाल पळा" म्हणून सांगितलं. घड्याळ मात्र आपला हेका सोडेना.

तेव्हा बंगळुरूच्या पुतण्यानं निदान केलं. काका, घड्याळ स्वस्तातलं आहे, त्याचा सेन्सर भिकार आहे, नव्वद हजारांच्या घरातलं टायटॅनियमचं घ्या. लिंकसुद्धा पाठवली. काकूंचं म्हणणं, तेवढ्या पैशांत मागच्या रानात ठिबक होईल. दादा दोघांच्या मध्ये, आणि दोघांच्या मध्ये मी.

आमच्या बॅचमध्ये एक भूलतज्ज्ञ मॅडम आहेत. त्यांच्याकडे असलंच महागातलं घड्याळ आहे. मी म्हटलं, मॅडम, एका रविवारपुरतं दादांच्या हातात द्या. डाव्या मनगटावर दादांचं, उजव्यावर मॅडमचं, आणि बनियनच्या आत छातीला माझा ठोके मोजणारा पट्टा. पट्ट्याचं रीडिंग माझ्या मोबाईलवर, दादांना दिसणार नाही असं. पट्टा लावताना त्याचे रबरी पॅड आतून ओले करावे लागतात, नाहीतर सुरुवातीला भलतेच आकडे येतात. पाणी नव्हतं, दादांनी थुंकी लावून काम भागवलं.

आधी स्टेडियमवर नेलं. फक्कीनं आखलेली आतली लेन, 400 मीटर, दहा फेऱ्या. स्वस्तातल्या घड्याळानं 4.06 किलोमीटर दाखवले, महागड्यानं 4.03. दादा तो फरक बघून जरा हिरमुसलेच. नव्वद हजारांना तीस मीटर?

खरं तर उघड्या मैदानावर हे असंच होतं. डोक्यावर आभाळ मोकळं असलं की कुठल्याही घड्याळाला उपग्रह नीट दिसतात. महागड्या घड्याळांत दोन फ्रिक्वेन्सींवर सिग्नल घेणारा जीपीएस असतो. त्याचा उपयोग उंच इमारतींत किंवा कड्याखाली होतो, जिथे सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो आणि साधं घड्याळ फसतं. म्हणून तिथून आम्ही समर्थ मंदिरावरून बोगद्याजवळ आलो आणि यवतेश्वरच्या घाटाला लागलो.

घाटात महागड्या घड्याळानं आपली किंमत थोडीफार वसूल केली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. वळणावळणाला साध्या घड्याळाची रेघ रस्ता सोडून दरीत उतरत होती, मॅडमच्या घड्याळाची बऱ्यापैकी डांबरावर होती. त्यात हवेचा दाब मोजणारा सेन्सरही आहे, त्यामुळे किती मीटर चढलो ते पळतानाच दिसत होतं. दादा खूश. "बघा सर, माल माल असतो!"

पण आम्ही आलो होतो ठोक्यांसाठी.

थंडी चांगलीच होती, दादांची बोटं गारठलेली. पहिलं मोठं वळण मागं टाकलं आणि डावं घड्याळ 171 वर गेलं. मी म्हटलं, उजवं बघा. उजवं 172. दादांचा चेहरा पडला. 220 उणे वय हे ढोबळ सूत्र धरलं तर 49 व्या वर्षी माणसाची कमाल मर्यादाच 171 येते. म्हणजे नव्वद हजारांच्या घड्याळाच्या मते दादा त्या क्षणी जीव तोडून पळत होते. आणि प्रत्यक्षात हे गृहस्थ खालच्या वळणापासून मला युरियाबरोबर दुसरा माल कसा गळ्यात मारतात त्याची तक्रार सांगत होते, पूर्ण वाक्यांत, धाप न लागता.

"थांबा," म्हटलं. कठड्याला टेकवलं आणि मानेच्या बाजूला दोन बोटं ठेवली. थांबल्यावर ठोके झरझर उतरतात, म्हणून पहिल्या पंधरा सेकंदांतच मोजायचे. 35 आले. म्हणजे मिनिटाला 140. मोबाईलवर पट्टा थांबायच्या आधी 142 दाखवत होता. मग पुन्हा त्याच वेगानं पळायला लावलं आणि नुसता उजवा पाय मोजला. अर्ध्या मिनिटात 43 वेळा जमिनीला लागला, मिनिटाला 86, दोन्ही पाय मिळून 172.

दादांनी एकदा पायांकडे पाहिलं, एकदा उजव्या मनगटाकडे. "म्हणजे हे माझी पावलं मोजतंय?"

तेच. पळणाऱ्यांमध्ये याला कडेन्स लॉक म्हणतात, कडेन्स म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं. मनगटी सेन्सर कातडीत हिरवा उजेड सोडतो. रक्त तो शोषतं, आणि प्रत्येक ठोक्यासरशी परत येणारा उजेड किंचित बदलतो. त्यावरून ठोके काढायचे. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, सिग्नल दुबळा होतो. त्यात घड्याळाचा पट्टा सैल असेल तर प्रत्येक पावलाचा हिसका त्या सिग्नलपेक्षा जोरकस ठरतो आणि घड्याळ त्या तालालाच ठोका समजून बसतं. मॅडमच्या घड्याळाच्या कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीच्या मनगटी सेन्सरला होऊ शकतं. नवे सेन्सर सुधारलेत, पण प्रकाशानं मोजायचं तत्त्व तेच आहे. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत सिग्नल थेट पकडतो, ईसीजीसारखा. फिनलंडच्या पोलरनं बिनतारी पट्टा 1982 मध्ये बाजारात आणला. एवढी जुनी चीज अजून विकली जाते, ती उगाच नाही.

मला खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. महागडी घड्याळं जे हुशारीचं सांगतात, म्हणजे व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते), ट्रेनिंग लोड (सरावाचा शरीरावर पडलेला ताण), आज विश्रांती किती तास घ्या, त्यातलं बरंचसं याच आकड्यावर उभं असतं. ठोके चुकले की सल्ला चुकला. स्क्रीन जेवढी देखणी, तेवढा चुकीचा आकडा खरा वाटतो.

दादांचं उजवं घड्याळ मनगटाच्या हाडावरून दोन बोटं वर सरकवलं, घट्ट आवळलं, वर विंडचीटरची बाही ओढली. घाट चढून पठारावर येईपर्यंत हात गरम झाले आणि आकडा 144 वर आला. डाव्याचंही तसंच केलं, तेही थोड्या वेळानं सुधारलं.

वर चहाच्या टपरीवर मॅडम गाडीनं आल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं तर त्या हसल्या, "सर, ठोक्यांसाठी मी हे घेतलंच नाही." त्या एसआरटी अल्ट्रा ही डोंगरातली लांब पल्ल्याची शर्यत पळतात, सिंहगड, राजगड, तोरणा. अंधारात, धुक्यात, डोंगरधारेवर दोन पायवाटा फुटल्या की गुराखी कुठली वापरतात आणि आपली कुठली, हे घड्याळातल्या नकाशावरून कळतं. मोबाईल काढायला हात मोकळे नसतात. शिवाय बॅटरी. फिनिक्स 7 सारखं महागडं घड्याळ जीपीएस चालू ठेवून 57 तासांपर्यंत चालतं असं कंपनी सांगते. खडकावर घासलं तरी नीलमण्याची काच टिकते. मॅडमचा खर्च मला पूर्ण पटतो.

दादांचा हिशेब वेगळा. त्यांची हाफ मॅरेथॉन अडीच तासांची, तीही डांबरी रस्त्यावर, दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवणारी माणसं. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. फोररनर 55 सारख्या साध्या घड्याळाचा जीपीएस 20 तास चालतो. उद्या दादा दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या अल्ट्रा मॅरेथॉनला गेले, तरी तिथली वेळेची मर्यादा 12 तासांची आहे. वरचे आठ तास उरतातच.

दादांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "पटलं सर. पण पुतण्याच्या लग्नात हातात काय घालू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लग्नात मिरवायला हवं असेल तर ते चोख कारण आहे, फक्त ते ठोक्यांच्या खात्यात टाकू नये, एवढंच म्हणालो. मॅडम म्हणाल्या, सोन्याचं कडं घाला, पुढं विकता तरी येईल.

छातीचा पट्टा त्यांनी तिथंच टपरीवर बसून मागवला. तेवढ्यात पुतण्याचा फोन आला, ऑर्डर केली का म्हणून. दादांनी स्पीकरवर टाकला आणि घाटभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अरे, तुझं ते नव्वद हजारांचं पण पावलंच मोजतंय माझी!"