राख काळी निघाली

मिक्सरमधला रंग बदलला तेव्हाच पोटात गोळा आला.

डांबर काळं असलं तरी डांबराचं इमल्शन तपकिरी दिसतं, उकळून उकळून कडक झालेल्या चहासारखं. पाण्यात डांबराचे बारीक थेंब सुटे तरंगत असतात, साबणासारखं एक रसायन त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतं. ते थेंब चिकटले की इमल्शन फुटतं, दूध नासतं तसं, आणि रंग काळा पडतो. आमचं मॉर्टर, म्हणजे बुलेट ट्रेनच्या रुळांसाठीचं सिमेंट आणि डांबराच्या इमल्शनचं पातळ मिश्रण, दुसऱ्या मिनिटाला काळं कुळकुळीत झालं. ते किती सहज वाहतं हे मोजायच्या नरसाळ्यात, जे-फनेलमध्ये, ओतलं, तर थोडी धार पडली, मग थेंब, मग काहीच नाही. जपानी पद्धतीत १६ ते २६ सेकंदांत फनेल रिकामं व्हायला हवं. मी स्टॉपवॉच बंदच केलं.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टचा रिव्ह्यू. सरांनी पाहुण्यांसमोर मॉर्टर ओतून दाखवायचं कबूल करून ठेवलेलं.

आपल्या बुलेट ट्रेनच्या रुळांखाली खडी नसते. व्हायाडक्टवर, म्हणजे खांबांवरच्या लांबलचक पुलावर, काँक्रीटचा पाया, त्यावर कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे स्लॅब, आणि दोघांमधल्या काही सेंटिमीटरच्या फटीत हे सिमेंट अॅस्फाल्ट मॉर्टर. सिमेंटमुळे ताकद, डांबरामुळे थोडा लवचीकपणा. जपानने १९७० च्या दशकात सान्यो शिंकान्सेनवर ही पद्धत वापरली, आपल्या ५०८ किलोमीटरच्या मुंबई–अहमदाबाद मार्गावरही तीच आहे. मॉर्टर पंक्चरच्या सोल्यूशनसारखं घट्ट असून चालत नाही. स्लॅबखाली कोपऱ्याकोपऱ्यात ते आपोआप पसरायला हवं, कारण तिथे हात जात नाही.

आमचा प्रयोग साधा होता: २० टक्के सिमेंट काढून त्या जागी औष्णिक वीज केंद्रातली राख घालायची. राखेचे कण गोट्यांसारखे गोल, त्यामुळे मॉर्टर उलट जास्त चांगलं वाहतं. महिनाभरापूर्वी हेच मिश्रण २२ सेकंदांत वाहिलं होतं. म्हणून तर सरांनी शब्द दिलेला.

मी आधी उन्हाला दोष दिला. एप्रिल महिना, लॅबमध्ये पंखे गरम हवा फिरवत होते. कँटीनमधून बर्फ आणून पाणी गार केलं. पुन्हा काळं. मग इमल्शनच्या ड्रमवर संशय घेतला. राख न घालता नुसत्या सिमेंटचं मिश्रण केलं, ते २१ सेकंदांत सुरळीत वाहिलं. म्हणजे ड्रम निर्दोष. इथपर्यंत येईस्तोवर दुपारचे दोन वाजले होते आणि फनेलला चिकटलेलं डांबर आमच्या लॅबमधले मामा केरोसीनने घासत होते. तिसऱ्यांदा.

"मॅडम, ही राख मागच्यासारखी नाही," मामा म्हणाले.

"तीच आहे हो मामा, त्याच केंद्रातून मागवलीय."

त्यांनी उत्तर न देता जुन्या आणि नव्या, दोन्ही पोत्यांतली चिमूट दोन बोटांवर चोळली आणि हात माझ्यासमोर धरला. एक बोट राखाडी, पिठाचा हात लागल्यासारखं. दुसरं काजळ घातल्यासारखं.

मग ट्यूब पेटली. काळं म्हणजे न जळलेला कोळसा. त्याचे कण सच्छिद्र असतात, आणि थेंबांना लांब ठेवणारं आमचं ते रसायन ते स्वतःच पिऊन बसतात. थेंबांना काही उरतच नाही. बॉयलर नुकता पेटवलेला असेल, किंवा कमी लोडवर चालत असेल, तर राखेत असा कोळसा वाढतो. पोत्यावर हे कुणी लिहीत नाही.

खात्री करायला घरगुती युक्ती केली. दोन बाटल्यांत सारखी राख, सारखं पाणी, आणि तेच रसायन थेंबाथेंबाने घालून बाटली हलवायची. जुन्या राखेत सहाव्या थेंबाला फेस धरला. नव्या राखेत मी पंचविसापर्यंत मोजलं, फेस वर यायचा आणि बघताबघता विरून जायचा. मामा चहाचा कप हातात धरून बघत होते, "पितेय की," एवढंच म्हणाले. संध्याकाळी भट्टीत जाळून वजन घेतलं, कोळसा जळून जातो तेवढी घट. जुनीची घट २ टक्क्यांच्या आत, नवीची ८ च्या वर. आपल्या मानकात मर्यादा ५ ची आहे.

खरं सांगायचं तर चूक माझीच. पोतं आलं त्या दिवशी ही चाचणी करायला तास-दीड तास लागला असता. फुकट मिळालेल्या वस्तूची तपासणी करायला हात धजत नाही, हे आपलं नेहमीचंच.

रिव्ह्यूला जुन्या पोत्याच्या तळाची राख खरवडून मिश्रण केलं, २३ सेकंदांत वाहिलं. पाहुण्यांनी विचारलं, प्रत्येक गाडीभर राखेला हीच चाचणी करणार का? मी हो म्हटलं. ते थोडे हसले. साइटवर दिवसाला किती गाड्या येतात ते त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. बाटलीची युक्ती मात्र त्यांनी वहीत उतरवून घेतली.

काळं पोतं अजून कोपऱ्यात आहे. पार्किंगमध्ये कुणाच्या बाइकचं ऑइल सांडलं की मामा त्यातली ओंजळभर टाकतात. चांगली शोषते म्हणे.