रॉड घातल्यानंतरचे इंजेक्शन आणि त्याच्याकडून ठेवायच्या अपेक्षा

खुब्याजवळ मांडीचे हाड मोडून त्यात रॉड घातला गेला की, टाके निघायच्या आतच घरात एक प्रश्न फिरू लागतो: हाड लवकर जुळावे म्हणून काही देता येईल का? माझ्या आईला असा रॉड बसला तेव्हा नौपाड्यातील आमच्या इमारतीत या प्रश्नाची उत्तरे मजल्यागणिक तयार होती. कोणी डिंकाचे लाडू आणून दिले, कोणी पायाचे सूप सुचवले, तर खालच्या मजल्यावरील काकूंनी गावाहून कांडवेल मागवण्याची तयारी दाखवली. नाचणीचा सल्ला मात्र मला मनापासून पटला, कारण 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि आई ती आवडीने खाते.

आईच्या डॉक्टरांनी याखेरीज टेरिपॅराटाइड नावाचे रोज टोचायचे इंजेक्शन सुचवले. त्यावर आईचा पहिला प्रश्न होता, "अगं, आत रॉड बसवलाय ना, मग आता रोज सुई कशाला?" तिच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देण्यासाठी मी बरेच वाचले आणि डॉक्टरांना बरेच विचारले.

आपल्या गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी जे संप्रेरक सोडतात, त्यात 84 अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी पहिल्या 34 आम्लांचा तुकडा प्रयोगशाळेत तयार केला की तो झाला टेरिपॅराटाइड. हे संप्रेरक रक्तात सतत वाढलेले राहिले तर हाडातील कॅल्शियम बाहेर काढले जाते आणि हाड पोकळ होत जाते. तेच दिवसातून एकदा, थोड्या वेळापुरते वाढले, तर हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. म्हणूनच ते 20 मायक्रोग्रॅमच्या मात्रेत रोज एकदा मांडीच्या किंवा पोटाच्या त्वचेखाली टोचायचे असते. अमेरिकेत 2002 साली या औषधाला मान्यता मिळाली ती हाडांच्या ठिसूळपणासाठी, म्हणजे ऑस्टिओपोरोसिससाठी. मोडलेले हाड जुळवण्यासाठी ही मान्यता नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर ते लिहून देताना हा फरक रुग्णाच्या कानावर घातला जावा असे मला वाटते.

मग हाड जुळायला त्याची मदत होते की नाही? येथे पुरावा चांगलाच संमिश्र आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मनगटाचे हाड मोडलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या 102 स्त्रियांचे तीन गट केले होते. नुसते पाणीवजा इंजेक्शन घेणाऱ्यांचे हाड एक्स-रेवर जुळलेले दिसायला साधारण 9.1 आठवडे लागले, 20 मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांना 7.4, आणि दुप्पट मात्रा घेणाऱ्यांना 8.8. मात्रा वाढवूनही फायदा वाढला नाही, आणि अभ्यासाचा मूळ प्रश्न त्या दुप्पट मात्रेविषयीच असल्याने संशोधकांना त्याचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागले. पुढच्या वर्षी कटिभागाच्या (पेल्विसच्या) मोडलेल्या हाडांवरील एका छोट्या अभ्यासात, पूर्ण 84 आम्लांचे संप्रेरक दिलेल्या वृद्ध स्त्रियांची हाडे सुमारे 7.8 आठवड्यांत जुळली, तर न दिलेल्यांना 12.6 आठवडे लागले. परंतु त्यात तुलनेसाठी खोटे इंजेक्शन दिलेले नव्हते, त्यामुळे त्या आकड्यांवर मी फार भार टाकणार नाही. आणि खुब्याच्या मानेचे हाड स्क्रूने बसवलेल्या रुग्णांवर झालेल्या, अर्धवट राहिलेल्या चाचण्यांमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण टेरिपॅराटाइडने कमी झाल्याचे दिसले नाही. रोमोसोझुमॅब हे हाड बांधणारे नवे औषधही खुब्याच्या आणि नडगीच्या मोडलेल्या हाडांवर तपासले गेले, आणि तेथेही जुळणी लवकर झाली नाही.

म्हणजे "इंजेक्शन घेतले की आई महिनाभर आधी चालू लागेल" असे कोणी सांगत असेल, तर त्याला आधार नाही. त्यातही रॉड घातलेला रुग्ण आणि बॉल बदललेला रुग्ण यांना एकाच मापाने मोजले जाते, हे मला विशेष खटकते. ज्यांचा खुब्याचा गोळाच काढून कृत्रिम बसवला आहे, त्यांच्या बाबतीत जुळायचे असे हाड त्या जागी उरलेलेच नसते. त्यांना हे औषध द्यायचे असेल तर उरलेल्या शरीरातील हाडांसाठीच.

माझ्या मते औषधाचे खरे कारण तेथेच आहे. उभे असताना, म्हणजे स्वतःच्याच उंचीवरून पडून खुब्याचे हाड मोडले, तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा आकडा काहीही आला तरी ते हाड ठिसूळ होते असेच समजायचे असते. ज्या ठिसूळपणामुळे खुबा मोडला तोच मणक्यात, मनगटात आणि दुसऱ्या खुब्यातही असतो, आणि रॉड त्याला हात लावत नाही. तरीही घरी जाताना हातात पडणाऱ्या कागदावर पुष्कळदा कॅल्शियमची गोळी आणि आठवड्यातून एकदा घ्यायची 60,000 युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी एवढेच असते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर 90 दिवसांच्या आत, आणि नंतर वर्षातून एकदा, झोलेड्रोनिक ॲसिड सलाइनमधून दिले गेले. तेव्हा नवीन हाड मोडण्याचे प्रमाण 35 टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण 28 टक्क्यांनी कमी झाले. हे औषध हाड बांधत नाही, फक्त त्याची झीज रोखते. त्यामुळे मोडलेले हाड जुळायचे थांबेल अशी भीती घातली जाते. त्या अभ्यासात तसे दिसले नाही. मूत्रपिंडे नीट काम करत असतील आणि ड जीवनसत्त्व भरून काढलेले असेल, तर अनेकांना हाच मार्ग स्वस्त आणि सोपा पडेल.

आईच्या मणक्यांतही जुनी, नकळत झालेली मोड एक्स-रेत सापडली होती. त्यामुळे तिच्यासाठी टेरिपॅराटाइडची निवड मला योग्य वाटली. सुरू करण्यापूर्वी रक्तातील कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पॅराथायरॉइड संप्रेरक तपासले गेले. ज्यांच्या हाडांना पूर्वी किरणोपचार दिले आहेत, ज्यांच्या हाडांत कर्करोग पसरला आहे किंवा ज्यांचे कॅल्शियम आधीच वाढलेले आहे, त्यांनी हे औषध घ्यायचे नसते. उंदरांना मोठ्या मात्रा दिल्यावर हाडाचा कर्करोग दिसल्यामुळे त्याच्या वेष्टनावर अमेरिकेत ठळक इशारा असे. माणसांत तसा धोका वाढलेला न आढळल्याने तो 2020 साली काढण्यात आला.

रोजच्या वापरात सुई हा मोठा प्रश्न ठरत नाही, ती इन्सुलिनच्या पेनसारखीच बारीक असते. पहिल्या काही मात्रांनंतर उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून आई इंजेक्शन पलंगावर बसूनच घेते आणि नंतर लगेच उठत नाही. पडून हाड मोडलेल्या माणसाला पुन्हा पाडणारे औषध नको. खरी कटकट फ्रिजची. पेन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते, बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठवायचे नसते, आणि उघडल्यापासून 28 दिवसांनी आत औषध उरले तरी फेकून द्यायचे असते. मे महिन्यात ठाण्यात वीज गेली की फ्रिजचे दार कोणी उघडू नये म्हणून मी घरात दटावत असते. कोकणात जाताना ते बर्फाच्या पिशवीला थेट टेकू न देता, टॉवेलात गुंडाळून न्यावे लागते.

घरातील मशेरीचा डबा हा या सर्वांपेक्षा नाजूक विषय. धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो हे पक्के माहीत आहे, आणि मशेरीतही निकोटिन असतेच. डॉक्टरांनी "आजी, ती डबी माझ्याकडे द्या" असे म्हटल्यावर आईने ती दिली, हे मी सांगून झाले नसते.

हे औषध साधारणपणे दोन वर्षांपर्यंतच दिले जाते, आणि संपल्यावर झीज रोखणारे दुसरे औषध सुरू केले नाही तर कमावलेले हाड हळूहळू पुन्हा जाते. म्हणून शेवटचे पेन संपण्याच्या आधीच पुढच्या औषधाची चिठ्ठी, आणि ते झोलेड्रोनिक ॲसिड असेल तर त्यापूर्वी दंतवैद्याकडून दात काढण्यासारखी कामे, उरकून घ्यायची आहेत.