दोनशे पानी वही आणि तीस वर्षांची मर्सिडीज

गाडी घेतली त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'मर्सिडीज ई 220, ऑक्टोबर 1995, किंमत 2,75,000.' हे 2017 सालचं. त्यानंतर गाडीवर गेलेला प्रत्येक रुपया त्या वहीत आहे. परवा बेरीज मारली. पेट्रोल आणि गाडीची किंमत सोडून 6,48,000. गाडी चालली 31,000 किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला जवळजवळ एकवीस रुपये. हा आकडा मी बायकोला कधी सांगितलेला नाही. वही कुठे असते ते मात्र तिला माहीत आहे.

या गाडीला सगळे 'डब्ल्यू 124' म्हणतात. जर्मनीत हे मॉडेल 1984 ला आलं आणि 1995 पासून आपल्या पिंपरीत, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जुळू लागलं. भारतात तयार झालेली ही पहिली मर्सिडीज मोटार. चाकणचा कारखाना फार नंतरचा, 2009 चा. माझे वडील तेव्हा टेल्कोत, मशीन शॉपला. कामावर जाताना बसच्या खिडकीतून या गाड्या रांगेत उभ्या दिसायच्या, असं ते सांगायचे. मी त्यातलीच एक घरी आणली तर खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून लावलं, तो जड 'ठप्प' आवाज ऐकला आणि म्हणाले, "अरे, ही गाडी घेणाऱ्याला परवडायची नाही असं नाही, पण घेणाऱ्याचा ड्रायव्हर, माळी आणि मॅनेजर वेगळा असायचा. तुझ्याकडे कोण आहे?"

खरं सांगायचं तर मी किमतीला भुललो होतो. त्या पैशात तेव्हा एक बऱ्यापैकी वापरलेली स्विफ्ट आली असती. कळायला वर्ष गेलं की गाडीची किंमत उतरते, तिच्या बुशची, म्हणजे सांध्यांतल्या रबरी तुकड्यांची, उतरत नाही. मागच्या सस्पेन्शनला एकेका बाजूला पाच दांड्या आहेत, आणि बहुतेक दांड्यांच्या टोकांना रबर. वीस-बावीस वर्षांत ते रबर लाकूड झालेलं असतं. पहिल्या वर्षी वहीत नुसतं रबरच रबर आहे. इंजिनाचे माउंटिंग, पुढच्या कंट्रोल आर्मचे बुश, प्रोपेलर शाफ्टचं रबर कपलिंग, रेडिएटरच्या नळ्या. रबरापायीच 92,000. एकच गोष्ट स्वस्तात पडली, टायर. 195/65 आर 15 हा साध्या गाड्यांनाही लागणारा साइज, कुठल्याही दुकानात मिळतो. दुकानदार टायरचा भाव गाडीकडे बघून सांगतात, म्हणून मी गाडी लांब लावून चालत जातो.

आता खंबाटकीची गोष्ट.

2019 चा एप्रिल. साताऱ्याला लग्नाला निघालो होतो, मागे सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर आहेराची पिशवी. खंबाटकी चढताना तिसऱ्या वळणाला इंजिन एकदम गप्प. ना धूर, ना आवाज, ना काटा वर गेलेला. कोणीतरी बटण दाबून बंद केल्यासारखं. कशीबशी कडेला घेतली. मागून ट्रक हॉर्न वाजवत चाललेले. बॉनेट उघडून मी उगाच आत बघत उभा. चाळीस मिनिटांनी किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्यात चालू! साताऱ्यापर्यंत आणि परत घरापर्यंत काही नाही. सासूबाईंनी मात्र परतताना एसटी धरली.

पुढचे सात महिने हेच. गार असताना घड्याळासारखी चालायची. तासभर उन्हात, रहदारीत फिरली की एखाद्या सिग्नलला मिसिंग मारायची, मग बंद. गॅरेजात नेली की शहाणी. मिस्त्री चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "साहेब, गाडी तर झक्कास आहे." आजकालचा ओबीडी स्कॅनर हिला लागतच नाही, त्यामुळे लॅपटॉप लावून दोष वाचायची सोय नाही. मग सुरू झाला अंदाजाचा खेळ. आधी पेट्रोल पंप बदलला. मग पंपाचा रिले. मग इग्निशन कॉइल. मग क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनाचं फिरणं मोजणारा, कारण गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू हे त्याचंच लक्षण, असं तीन जणांनी छातीठोकपणे सांगितलं. लक्षण त्याचंच असतं हेही खरं. पण आमच्याकडे रोगी दुसराच होता. लेबर धरून 43,000 गेले आणि काढलेले सगळे जुने पार्ट चांगले निघाले. ते आजही माळ्यावर खोक्यात आहेत.

शेवटी कोणीतरी नाना पेठेतल्या एका बोळातल्या वायरमनकडे पाठवलं. सत्तरीचे चाचा, चष्म्याला दोरी, दुकानात एक मल्टिमीटर आणि एक सोल्डरिंग गन. त्यांनी पहिल्या दिवशी एकही पार्ट काढला नाही. गाडी चालू करायला लावली, बॉनेट लावून घेतलं आणि मला म्हणाले, "चहा घ्या." पाऊण तास इंजिन नुसतं चालू. मग बॉनेट उघडून त्यांनी एक लाकडी पट्टी घेतली आणि इंजिनावरून जाणारा वायरचा गुच्छ पट्टीने थोडा थोडा सरकवायला लागले. एका जागी इंजिनाला ठसका लागला. पट्टी परत तिथेच. परत ठसका. तिसऱ्यांदा इंजिन बंद.

इंजिन गार झाल्यावर त्यांनी त्या जागची काळी टेप सोडवली. आतली एक वायर चिमटीत धरून हलकेच वाकवली. तिचं आवरण भाजलेल्या पापडासारखं मोडलं आणि तुकडे खाली पडले. आत उघडी तांब्याची तार, तिच्या शेजारी दुसरी उघडी तार. चोवीस वर्षं इंजिनाच्या आचेवर शेकून सगळंच ठिसूळ झालं होतं. गार असताना तारा एकमेकींपासून केसभर लांब राहायच्या. गरम झालं, हादरे बसले, की कुठेतरी टेकायच्या. चाचांनी तुकडे तळहातावर घेऊन मला दाखवले आणि विचारलं, "किती पार्ट बदलले?" मी खरा आकडा सांगितला नाही.

नवा तयार हार्नेस, म्हणजे वायरचा अख्खा गुच्छ, मागवायची माझी ऐपत नव्हती. चाचांनी जुने कनेक्टर तसेच ठेवले आणि मधली एकेक वायर काढून तिच्या जागी उष्णता सोसणारी सिलिकॉनच्या आवरणाची वायर घातली. एका वेळी एकच. जुनी कापायची, नवी जोडायची, मीटर लावायचा, चिठ्ठी बांधायची. एकोणीस दिवस लागले, 32,000 झाले. त्यानंतर गाडी रस्त्यात एकदाही बंद पडलेली नाही. या गाडीवर खर्च झालेल्या पैशांत मला हेच बत्तीस हजार सगळ्यात स्वस्त वाटतात. दोषाचं निदान चुकलं की चांगला पार्टसुद्धा वायाच जातो. म्हणून आता मिस्त्री "हे बदलून बघू" म्हणाला की मी गाडी घेऊन घरी येतो.

एसीबद्दल थोडक्यात सांगतो. कूलिंग कॉइल गळत होती आणि ती बदलायला अख्खा डॅशबोर्ड बाहेर काढावा लागतो. दोन उन्हाळे काचा खाली करून काढले, तिसऱ्याला शरण गेलो. डॅशबोर्ड परत बसला, पण खराब रस्त्यावर उजव्या कोपऱ्यातून एक किरकिर येते. ती आता गाडीचीच समजायची.

पार्ट शोधणं हा वेगळा धंदा आहे. इथे नावाने नाही, नंबराने बोलावं लागतं. मर्सिडीजच्या पार्ट नंबरातले पहिले तीन आकडे बहुतेक वेळा तो पार्ट मुळात कुठल्या गाडीचा ते सांगतात. 124 असेल तर या बॉडीचा, 111 असेल तर या इंजिनाचा. एकदा हे कळलं की दुकानदार "चालून जाईल" म्हणत दुसरंच काही गळ्यात मारू शकत नाही. दुसरी गोष्ट, कंपनीच्या डब्यात जो पार्ट येतो तो बऱ्याचदा बनवलेला असतो दुसऱ्याच कोणी, आणि त्याच कारखान्याचा माल साध्या डब्यात कमी पैशांत मिळतो. मी कंट्रोल आर्म लेमफोर्डरचे घेतले, सेन्सर बॉशचे. काच, दिवे, दरवाज्याचे हँडल असल्या वस्तूंसाठी मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फेऱ्या. तिथे सकाळी अकराच्या आत जाण्यात अर्थ नाही आणि पहिला भाव ऐकून हसायचं, हे दोन नियम. आणि जे कुठेच मिळत नाही ते मावसभावाकडून. तो दुबईला असतो, शारजाच्या जुन्या पार्टच्या बाजारात जातो आणि बॅगेतून आणतो. एकदा त्याने हौसेने हेडलाइटची जोडी आणली. तिकडच्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालणाऱ्या, त्यामुळे त्या दिव्यांचा झोत आमच्या समोरच्याच्या डोळ्यांत. जोडी माळ्यावर, त्याच खोक्याशेजारी.

पेट्रोलचंही एक झालं. पंपावर सगळीकडे ई 20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आलं आणि तीस वर्षांपूर्वीचं रबर काही एवढं इथेनॉल गृहीत धरून बनवलेलं नव्हतं. एक दिवस पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास आला. बघितलं तर इंजिनाजवळची नळी बोटाला मऊ लागली. त्याच आठवड्यात इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घातल्या. हे काम मी कोणाला सांगितलं की लोक एसीबद्दलच विचारतात. जुनी पेट्रोल गाडी असेल त्याने आधी नळ्या बघाव्यात. एसी नसला तर घामच येतो, बाकी काही होत नाही.

आणि मग पासिंग. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुढे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. माझी तारीख ऑक्टोबर 2025. मागच्या खेपेला, 2020 ला, नूतनीकरणाची फी 600 रुपये होती आणि पर्यावरण कर 3,000. 2022 च्या एप्रिलपासून ती फी 5,000 झाली. आणि माझी पाळी यायच्या दोन महिने आधी, ऑगस्टमध्ये नवा नियम आला. वीस वर्षांवरच्या मोटारीला 10,000. वहीत मी ते लाल पेनाने लिहिलं. त्याआधी नवी नंबर प्लेट, 745 अधिक जीएसटी. विमा फक्त थर्ड पार्टी, कारण एवढ्या जुन्या गाडीला पूर्ण विमा द्यायला मला कोणी तयार झालं नाही. 1500 सीसीच्या वर 7,897 अधिक जीएसटी. मग पीयूसी आणि 25 नंबरचा अर्ज.

एजंटने "गाडी आणायची गरज नाही" असं सुचवलं. मला न्यायचीच होती. आदल्या रात्री चासी नंबर साफ करत बसलो. तो इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो आणि त्यावर तेलकट धुळीचा थर. रॉकेलचं फडकं, जुना टूथब्रश, आणि मग कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा नीट उमटतो का ते बघितलं. तपासणीला आलेले निरीक्षक गाडीपेक्षा वयाने लहान होते. दिवे, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक, सगळं बघून ते पुढे आले आणि थबकले.

"दुसरा वायपर कुठंय?"

"साहेब, हिला एकच असतो."

"असं कसं? काढून ठेवला असेल."

काचेवर पाणी मारून मी वायपर चालू केला. या गाडीचा वायपर नुसता डावीउजवीकडे जात नाही. कोपऱ्याकडे जाताना तो बाहेर लांबतो, मध्ये आत येतो, परत लांबतो. काचेचा 86 टक्के भाग एकटा पुसतो. निरीक्षकांनी तो चार वेळा बघितला, मग शेजारच्या रांगेतल्या दोघांना हाक मारली, "अरे, इकडे या." सहा-सात माणसं कोरड्या ऑक्टोबरात वायपर बघत उभी. ठसा घेतला, सही झाली. आरसी आली, 2030 पर्यंत.

वडिलांना सांगितलं. ते आता ब्याऐंशीचे आहेत, गाडीत पुढे बसायला त्यांना आवडतं, कबूल करत नाहीत. म्हणाले, "पाच वर्षं? तुझी गाडी आणि मी, बघू कोण आधी पासिंगला नापास होतंय."

परवा रात्री गाडी लॉक केली. या गाडीची दारं विजेने नाही, हवेने लॉक होतात. एक छोटा पंप आत गुरगुरतो आणि दोन सेकंदांत थांबतो. परवा तो थांबेना. मी अंधारात मोजत उभा राहिलो, अकरा, बारा, तेरा. म्हणजे कुठल्या तरी दारातली नळी गेली आहे आणि ती शोधायला चारही दारांची पॅड काढावी लागणार. वहीची तेवीस पानं उरली आहेत.