ओळखीचा होता म्हणून

आमच्या आईचं दार उघडायचं एक ठरलेलं तंत्र आहे. बेल वाजली की आधी किचनमधूनच 'कोण?', मग भिंगातून बघणार, मग साखळी लावूनच दार चार बोटं उघडणार, आणि पार्सलवाला पोरगा बिचारा त्या फटीतून ओटीपी विचारत उभा. मी कितीदा हसलेय यावरून. पण ती सवय १९७६ची आहे, त्यामुळे हल्ली फार बोलत नाही.

जोशी-अभ्यंकर खून खटला. पुण्यातल्या प्रत्येक घरात त्याचं एक व्हर्जन आहे. आई तेव्हा कॉलेजात होती, सदाशिव पेठेत राहायची, आणि ती सांगते की दिवेलागणीनंतर रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. आधी ऑक्टोबरच्या शेवटी विजयनगर कॉलनीतलं जोशी कुटुंब, मग १ डिसेंबरला भांडारकर रोडवर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण, त्यात ऐंशी ओलांडलेले संस्कृत व्याकरणाचे पंडित काशीनाथशास्त्री. आणि घरात कामाला असलेल्या सकूबाई वाघ. त्यांचं नाव खटल्याला कधी लागलं नाही, पण ते जाऊ दे, तो वेगळा विषय आहे (खरं तर वेगळा नाहीये).

पकडले गेले ते टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयातले कमर्शियल आर्टचे विद्यार्थी. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शाह, आणि माफीचा साक्षीदार झालेला चांडक. चौदा महिन्यांत दहा खून. नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात चौघांना फाशी झाली.

आता गंमत अशी की 'का केलं' याचं उत्तर आमच्या घरात प्रत्येकाकडे तयार असतं. आजोबा म्हणायचे दारू आणि वाईट संगत. काका आणीबाणीवर घसरतो, कशाचाही संबंध तो तिथेच लावतो. मावशीचं एकच, संस्कार नाहीत हो. मीपण एकेकाळी दोन-चार इंग्रजी शब्द वापरून सायकॉलॉजी झाडली आहे. पण दारू पिणारी, पैशाची चणचण असलेली, वर्गात मागे बसणारी पोरं तेव्हा काय पुण्यात कमी होती का? त्यांनी नाही कुणाच्या गळ्याला नायलॉनची दोरी लावली. मला तर वाटतं आपण कारण शोधतो ते समजून घ्यायला कमी आणि 'आपल्याकडे असं नाही ना' हे तपासून सुटकेचा श्वास टाकायला जास्त.

मग वाटतं सोडा ते कारण-बिरण, वाईट ते वाईट, ओळखता आलं म्हणजे झालं. इथे मात्र माझी गाडी अडते. कारण पहिला बळी प्रकाश हेगडे, जानेवारी १९७६, त्यांच्याच कॉलेजातला मुलगा, वडिलांचं कॉलेजच्या मागेच हॉटेल. तो त्यांच्याबरोबर गेला कारण ओळखीची पोरं. त्याच्याकडून चिठ्ठी लिहून घेतली, मारला, आणि पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकला, आणि मग ही मंडळी तेच कॉलेज, तेच कट्टे, सगळं पूर्वीसारखं. शेवटचा अनिल गोखले, मार्च १९७७, मित्राचा धाकटा भाऊ, तो लिफ्ट मिळाली म्हणून गाडीवर बसला. अख्खं शहर अनोळखी माणसाला घाबरून कड्या लावत होतं आणि ही दोन पोरं गेली ती ओळखीमुळे. मराठीत ओळखणं आणि ओळख असणं एकाच शब्दातून येतं, आणि इथे नेमकं दुसऱ्याने पहिल्याचा घात केला.

आईला मी हे एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मग काय, कुणावरच विश्वास ठेवायचा नाही का?" मी गप्प. मला उत्तर आलं नाही.

परवा बेल वाजली. कोण, भिंग, सगळं यथासांग झालं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा भाचा आहे, ओळखीचाच आहे," आणि साखळी काढून दार सताड उघडलं, आणि मला म्हणाली, चहा टाक.