सोन्याची आयाळ: पट्टे, लीश आणि पावसाळ्यापर्यंतची नोंद

माझ्या कुत्र्याच्या, सोन्याच्या, मानेवरच्या केसांतली खाच जवळजवळ भरली. कानामागून खांद्यापर्यंत हात फिरवला तर केस सलग लागतात. डाव्या बाजूला, जिथे पूर्वी पट्ट्याची कडी घासायची, तिथे आखूड केसांची बोटभर पट्टी उरलीय, पण ती केस उलटे विंचरल्याशिवाय दिसत नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: सोन्या गोल्डन रिट्रिव्हर, नर, फिकट क्रीम रंगाचा, मुक्काम पुणे, फ्लॅटमध्ये. माझ्याकडे आला तोच मानेभोवती रिंगणासारखी खाच घेऊन, कारण आधीच्या घरी रुंद नायलॉनचा पट्टा त्याच्या गळ्यात चोवीस तास असायचा. हिवाळ्यातल्या डॉग शोंआधी ही खाच भरून काढायची, एवढंच सध्याचं काम.

गोल्डनमध्ये याचं महत्त्व का, तर नराची आयाळ म्हणजे त्याच्या कोटाचा, म्हणजे अंगावरच्या केसांचा, अर्धा रुबाब. अमेरिकन ब्रीड स्टँडर्डमध्ये (जातीचा कुत्रा कसा दिसावा याच्या नियमावलीत) ही आयाळ नैसर्गिक, न कापलेली असावी असं सांगितलंय. ब्रिटिश पद्धतीत गळ्याखालचे केस थिनिंग सिझरने विरळ करून मान लांब दाखवतात. आपल्याकडे बरेचसे हँडलर (शोमध्ये कुत्रा फिरवून दाखवणारे) ब्रिटिश वळणाचं ट्रिमिंग करतात, त्यामुळे गळ्यासमोरची तूट कात्रीखाली झाकता येते. बाजूची आणि मानेमागची नाही. जज हात घालतो तो नेमका तिथेच.

मला सगळे विचारतात, रिंगमध्ये, म्हणजे शोच्या परीक्षणाच्या मैदानात, कुठली लीश वापरतेस? रिंगमध्ये कुत्रा असतो काही मिनिटं. केस तुटतात ते घरी, जिन्यात, सोसायटीच्या बागेत, गाडीत. शो लीडवर, म्हणजे रिंगमधल्या लीशवर, हजारो रुपये घालणारे आणि रोजचा पट्टा नाक्यावरून उचलणारे मी कितीतरी पाहिलेत. मला हा हिशेब उलटा वाटतो.

आधी केस तुटतो कसा ते बघू. वरचा लांब केस आणि खालचा लोकरीसारखा अंडरकोट, असे दोन थर. रुंद, चपटा पट्टा दोन्ही थर खाली दाबून धरतो. कुत्रा मान वळवतो, पट्टा जागच्या जागी घासतो, अंडरकोटची जट होते आणि वरच्या केसाची खवलं खरवडली जाऊन तो मधेच तुटतो. त्यात केस ओला असला तर नुकसान दुप्पट, कारण ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर दुबळा होतो. म्हणून आपल्या हवेत जूनपासूनचे महिने निर्णायक. पट्ट्याखाली ओल राहिली तर कातडीलाही हॉट स्पॉट, म्हणजे ओलसर चिघळणारा चट्टा, होतो, आणि गोल्डनला तो व्हायला निमित्त पुरतं. मग व्हेट तिथले केस कापतात. एवढ्या महिन्यांची मेहनत एका दुपारी जमिनीवर.

नायलॉनबद्दल: सगळं नायलॉन वाईट नसतं. गडबड असते विणीत आणि कडांत. स्वस्त पट्ट्याची कड हाताला करवतीसारखी लागते, आणि टोक गरम पात्याने कापलेलं असलं तर तिथे वितळून कडक झालेला खडबडीत थर असतो. दुकानात माझी एकच परीक्षा: पर्समध्ये जुन्या जॉर्जेटच्या ओढणीचा तुकडा असतो, त्यावरून पट्टा, बकल, कडी, शिवण सगळं ओढून बघायचं. धागा अडकला तर केसही अडकणार. दुकानदार बघत राहतो, राहू दे. घरी आणल्यावर दुसरी परीक्षा रंगाची. पट्टा ओला करून पांढऱ्या रुमालात गुंडाळून रात्रभर ठेवायचा. लाल आणि काळे पट्टे इथे हमखास नापास होतात. क्रीम कोटावर गुलाबी झाक आली तर ती शांपूने पटकन जात नाही.

आता मुख्य प्रकरण, गोल पट्टा. रोल्ड लेदर म्हणजे आत दोरी घालून तिच्याभोवती चामडं गुंडाळून शिवलेला पट्टा. तो केसांवर पसरून बसत नाही, केसांच्या मधे उतरतो, आणि केस त्याच्या दोन्ही बाजूंनी मोकळे पडतात. वरून पाहिलं तर पट्टा दिसतही नाही. तयार मिळणारे मला जाड वाटले, म्हणून कोल्हापुरात चपला करणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतला. करंगळीपेक्षा बारीक, आत सुती दोरी. आग्रह एकाच गोष्टीचा धरला: शिवण बाहेरच्या अंगाला हवी. बाजारातल्या बऱ्याच गोल पट्ट्यांची शिवण मानेकडे असते, आणि दोन टाक्यांच्या मधे अडकलेला केस उपटूनच निघतो. कारागीर म्हणाले, "ताई, शिवण दिसेल की." म्हटलं, दिसू दे, सोन्या काही लग्नाला निघालेला नाही.

कोल्हापूरचं हे चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. दणकट आणि वास चांगला, पण पावसाशी त्याचं जमत नाही. भिजलं की तपकिरी पाणी सोडतं. त्याहून वाईट म्हणजे त्यात लोखंडी रिवेट किंवा बकल असेल तर ओलाव्यात लोखंड आणि हिरड्यातलं टॅनिन एकत्र येऊन निळसर काळा डाग पडतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करत, तीच ही क्रिया. म्हणजे क्रीम गोल्डनच्या मानेवर आपण शाईची दौत बांधणार. तेव्हा सगळं सामान स्टेनलेस स्टीलचं किंवा भरीव पितळेचं. पितळ म्हणून विकलेली पुष्कळ बकलं मुलामा दिलेल्या लोखंडाची असतात. चुंबक चिकटलं की परत द्यायची. भरीव पितळही ओलाव्यात हिरवट होतं, त्यामुळे ते अधूनमधून पुसावं लागतं. चामड्याला तेल दिलं तर चांगलं पुसून रात्रभर ठेवायचं, नाहीतर ते तेल आयाळीत जातं आणि त्यावर पुण्यातली धूळ बसते.

पावसाळ्यात मात्र चामडं कपाटात. तेव्हा गळ्यात गुळगुळीत, मऊ, गोल विणीची फिकट दोरी, आणि अशा दोन. एक वाळते तेव्हा दुसरी गळ्यात.

गोल पट्ट्याचा एक तोटा बरेच जण सांगत नाहीत. तो अरुंद असल्यामुळे सगळा दाब एका रेषेवर येतो. ओढणाऱ्या कुत्र्याला गोल पट्टा अजिबात घालू नका. त्रास केसांना नाही, श्वासनलिकेला होईल. आधी सैल लीशवर चालायला शिकवणं, मग पट्ट्याची निवड. सोन्या खारीच्या बाबतीत अजून बिघडतो, म्हणून सकाळी बागेकडे जाताना रुंद पण आतून सॅटिनचं अस्तर लावलेला पट्टा घालते. तो चपटा आहे, थोडं दाबतोही, पण घासत नाही.

घरात पट्टा नाही. खाच भरण्यात सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल तर याने. पट्टा दाराशी खुंटीला, नावाचा आणि फोन नंबरचा बिल्ला त्यालाच. सोन्याला मायक्रोचिप आहे, शोसाठी केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीला ती लागतेच, पण चिप वाचायला यंत्र हवं. रस्त्यावर कुत्रा सापडलेल्या माणसाकडे ते नसतं. म्हणून दार उघडण्याआधी पट्टा गळ्यात, या नियमाला घरात कुणालाच सूट नाही, आजींनासुद्धा.

पट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बांधायचे पट्टे) चालेल का, अशी विचारणा झाली होती. छातीच्या फेदरिंगवर (झालरीसारख्या लांब केसांवर) आणि काखेत तो जटांचा कारखाना आहे. शो कोट वाढवत असाल तर गाडीत हार्नेसऐवजी क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) वापरा. आपोआप गुंडाळणारी लीशही नको, कारण तिची स्प्रिंग सतत ओढत असते आणि पट्टा सतत मानेवर चालत राहतो. साध्या लीशला हूक हलका असू द्या. जड हूक पट्ट्याला फिरवून कडी गळ्याखाली आणतो.

गोचिडांचा पट्टा मी बंद केला. त्याचं काम चालायचं तर तो महिनोन् महिने कातडीला टेकून असावा लागतो, म्हणजे आपण वाचवतोय त्याच्या नेमकं उलट. व्हेटना विचारून गोळीवर आणलंय. मानेवर थेंब टाकायचं औषध घेत असाल तर त्याचा तेलकट ठिपका काही दिवस राहतो, तेव्हा शोच्या आठवड्यात नको.

आता रिंगची लीड. गोल्डन मुळात शिकारी माणसाचा सोबती, आणि ब्रिटनच्या फील्ड ट्रायलमध्ये (शिकारी कुत्र्यांच्या कामाच्या स्पर्धेत) काम करताना कुत्र्याच्या गळ्यात पट्टा चालत नाही, झुडपात अडकेल म्हणून. स्लिप लीड (पट्टा आणि लीश एकातच असलेली फासाची दोरी) काढायची, कुत्रा सोडायचा, परत आला की पुन्हा डोक्यावरून घालायची. त्यामुळे या ब्रीडला स्लिप लीड शोभते असं माझं मत, आणि केसांनाही ती सोसते, कारण काम झालं की ती गळ्यातच राहत नाही. सोन्यासाठी घेतलीय ती बारीक, गोल, कोटाशी मिळत्या फिकट रंगाची. गडद लीड मानेची रेष मधेच कापते आणि लांब मानसुद्धा आखूड वाटते.

साखळी वापरायची असेल तर बारीक, सापाच्या पाठीसारखी सलग विणीची घ्या. सुट्या कड्यांची साखळी केस चिमटीत धरते. हलक्या प्रतीचा धातू फिकट कोटावर राखाडी रेघ सोडतो, तेही रुमालावर घासून आधी बघून घ्या. आणि रिंग संपली की साखळी लगेच काढा. स्लिप साखळी गळ्यात ठेवून कुत्रा क्रेटमध्ये किंवा एकटा ठेवणं जिवावर बेतू शकतं.

लीड कुठे बसवायची याचा सराव सध्या रोज चाललाय. कानांच्या लगेच मागे, जबड्याखाली, जितकी वर जाईल तितकी. आधी आयाळीवर पाण्यात मिसळलेल्या कंडिशनरचा हलका फवारा, मग लीड, मग कंगव्याच्या शेपटीने लीडखाली दबलेले केस ओढून बाहेर. स्लिप लीडची बाजू महत्त्वाची: कुत्रा डावीकडे चालतो, तेव्हा हात सैल सोडताच फास आपोआप सुटला पाहिजे. उलटी घातली तर ती आवळलेलीच राहते, आणि सोन्या लगेच मान खाली घालून चालायला लागतो.

पुढचं काम लांबीचं आहे. आत्ताची लीड मुठीत गोळा करताना एक वेटोळं बाहेर लोंबतं आणि ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) सोन्याच्या खांद्यावर आपटतं. वीतभर कापून शिवून घेणार आहे. त्या शिवणीवरूनही जॉर्जेटचा तुकडा फिरवल्याशिवाय ती सोन्याच्या गळ्यात जाणार नाही.